वाहनांची नियतकालिक तपासणी : नियम, प्रक्रिया आणि शैक्षणिक संस्थांचे उत्तरदायित्व

प्रस्तावना

रस्त्यावर धावणारे प्रत्येक वाहन हे त्याच्या मालकाची खाजगी मालमत्ता असले तरी त्याच्या चालण्याचे परिणाम सार्वजनिक असतात. ब्रेक निकामी झालेला ट्रक स्वतःच्या चालकापुरता धोकादायक राहत नाही. समोरून येणारा दुचाकीस्वार, रस्ता ओलांडणारा पादचारी आणि थांब्यावर उभा असलेला विद्यार्थी हे सारे त्या धोक्याच्या कक्षेत येतात. या जाणिवेतूनच वाहनांची ठराविक कालावधीने तपासणी करण्याची कल्पना कायद्यात रुजली. बोलीभाषेत ज्याला ‘पासिंग’ म्हटले जाते ती प्रक्रिया म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ खालील योग्यता प्रमाणपत्राची प्रक्रिया होय.

महाविद्यालयीन क्षेत्राचा या विषयाशी संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो. तथापि महाविद्यालयाच्या मालकीची बस, शैक्षणिक सहलीसाठी भाड्याने घेतलेली गाडी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला विद्यार्थ्यांना नेणारे वाहन आणि प्राध्यापकांच्या स्वतःच्या मोटारी व दुचाक्या या सर्वांना तपासणीचे कोणते ना कोणते नियम लागू होतात. सहलीची पत्रे तयार होतात, पालकांची संमतिपत्रे घेतली जातात, भाड्याची दरपत्रके मागविली जातात. मात्र गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत पाहिली गेली आहे काय, हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात या नियमांचे स्वरूप, त्यामागील तांत्रिक कारणे व शैक्षणिक संस्थांवर येणारी जबाबदारी यांचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) वाहनांच्या नियतकालिक तपासणीविषयीच्या प्रमुख कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.
२) परिवहन वाहने व खाजगी वाहने यांना लागू असणाऱ्या नियमांतील भेद स्पष्ट करणे.
३) तपासणीत प्रत्यक्षात काय मोजले जाते व का, हे विशद करणे.
४) तपासणी पद्धतीच्या मर्यादा व शैक्षणिक संस्थांची कर्तव्ये अधोरेखित करणे.

कायद्याची चौकट

भारतात मोटार वाहनांविषयीचा पहिला केंद्रीय कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या अधिनियमाने घेतली आणि पुढे १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच दिवसापासून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू झाले. अधिनियम तत्त्व सांगतो, केंद्रीय नियम तपशील ठरवितात आणि त्यांची अंमलबजावणी राज्याचा परिवहन विभाग प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांमार्फत करतो. अधिनियमात २०१९ साली व्यापक दुरुस्ती करण्यात आली व तिच्यामुळे तपासणीच्या पद्धतीलाही नवे वळण मिळाले.

या विषयाच्या आकलनासाठी ‘परिवहन वाहन’ ही संज्ञा समजून घेणे अगत्याचे आहे. कलम २ (४७) नुसार सार्वजनिक सेवा वाहन, मालवाहू वाहन, शैक्षणिक संस्थेची बस आणि खाजगी सेवा वाहन यांचा समावेश परिवहन वाहनांत होतो. रिक्षा, टॅक्सी, एस.टी. बस, ट्रक व टेम्पो यांच्याबाबत सहसा संभ्रम नसतो. परंतु महाविद्यालयाची किंवा शाळेची, केवळ स्वतःच्या विद्यार्थ्यांची व कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी बस हीदेखील परिवहन वाहनच होय, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षित राहते. कलम २ (११) मध्ये तिची स्वतंत्र व्याख्या दिलेली आहे. संस्था भाडे आकारत नाही, नफा कमावीत नाही, हा युक्तिवाद येथे उपयोगी पडत नाही; कायद्याच्या दृष्टीने तिला योग्यता प्रमाणपत्र आवश्यकच आहे.

कलम ५६ ची भाषा लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन वैधरीत्या नोंदणीकृत असल्याचे मानले जात नाही. म्हणजे नोंदणी पुस्तिका हाती असूनही, प्रमाणपत्राची मुदत संपताच ते वाहन रस्त्यावर आणण्याच्या दृष्टीने नोंदणी नसलेल्या वाहनासारखे ठरते. वाहन निकषांस उतरत नाही अशी खात्री झाल्यास कारणे लेखी नोंदवून प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकारही सक्षम प्राधिकाऱ्यास आहे. असे झाल्यास नवे प्रमाणपत्र मिळेपर्यंत नोंदणी व परवाना दोन्ही निलंबित मानले जातात. एका राज्यात दिलेले प्रमाणपत्र संपूर्ण भारतात ग्राह्य असते.

परिवहन वाहनांच्या तपासणीचा कालावधी

प्रमाणपत्राची मुदत केंद्रीय नियम ६२ ने ठरते. मूळ योजनेत नव्या वाहनास दोन वर्षांचे प्रमाणपत्र मिळत असे व त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. नोव्हेंबर २०१८ मध्ये या नियमात बदल करण्यात आला. त्यानुसार वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत नूतनीकरण दोन वर्षांसाठी होते आणि आठ वर्षांनंतर ते दरवर्षी करावे लागते. तसेच कारखान्यातून पूर्ण बांधणी होऊन आलेल्या नव्या परिवहन वाहनास नोंदणीच्या वेळी वेगळ्या तपासणीची गरज उरली नाही. अशा वाहनाकडे नोंदणीपासून दोन वर्षे प्रमाणपत्र असल्याचे मानले जाते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एखाद्या महाविद्यालयाने जून २०२० मध्ये पूर्ण बांधणीची बस नोंदविली असे मानू. तिची पहिली मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जून २०२४ व जून २०२६ असे टप्पे येतात. जून २०२६ मधील नूतनीकरणाने ती जून २०२८ पर्यंत चालू शकेल. त्या सुमारास तिला आठ वर्षे पूर्ण होतील व पुढे प्रतिवर्षी तपासणी अनिवार्य ठरेल. वय वाढते तसा तपासणीचा कालावधी आखूड होतो, हे या नियमाचे सूत्र आहे. धातूची झीज, रबराचे कडक होणे, विद्युत तारांचे आवरण सुटणे या क्रिया वयाबरोबर वेग घेतात, हा त्यामागील साधा अनुभव आहे.

खाजगी वाहनांची स्थिती

परिवहनेतर वाहने, म्हणजे स्वतःच्या वापराच्या मोटारी व दुचाक्या, यांच्याबाबत कायद्याची भूमिका वेगळी आहे. कलम ४१ नुसार त्यांची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. ही मुदत संपण्यापूर्वी नमुना २५ मध्ये अर्ज करून नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्या वेळी वाहनाची तपासणी होते आणि ते योग्य आढळल्यास पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. महाराष्ट्रात अशा जुन्या वाहनांना पर्यावरण करही भरावा लागतो.

याचा अर्थ असा की नवी मोटार घेतल्यापासून पहिली १५ वर्षे तिच्या ब्रेकची, सुकाणूची किंवा टायरची कोणतीही सक्तीची यांत्रिक तपासणी होत नाही. या काळात तिला केवळ प्रदूषण तपासणीस सामोरे जावे लागते. इतर देशांशी तुलना करता हा अवधी मोठा आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये १९६० साली सक्तीची तपासणी सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरती होती. १९६७ पासून ती तीन वर्षांनंतर दरवर्षी करण्यात आली. जर्मनी व जपानमध्ये नव्या खाजगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी होते.

तथापि सक्तीची तपासणी नाही म्हणून जबाबदारीही नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. कलम १०९ प्रत्येक मोटार वाहनास लागू आहे. वाहनाची बांधणी व देखभाल अशी असली पाहिजे की ते सर्व काळ चालकाच्या परिणामकारक नियंत्रणात राहील, असे हे कलम सांगते. सार्वजनिक ठिकाणी धोका निर्माण होईल अशा स्थितीतील वाहनाची नोंदणी कलम ५३ अन्वये निलंबित करता येते आणि असुरक्षित स्थितीत वाहन चालविणे वा चालवू देणे कलम १९० खाली दंडनीय आहे.

वायुप्रदूषणाची तपासणी

सर्वसामान्य वाहनधारकास सर्वाधिक परिचित असलेली तपासणी म्हणजे ‘पीयूसी’. वाहनातून होणारे उत्सर्जन विहित मर्यादेत असल्याचे हे प्रमाणपत्र केंद्रीय नियम ११५ अन्वये आवश्यक आहे. पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष झाल्यावर प्रत्येक वाहनाने ते बाळगले पाहिजे. त्याची वैधता सहा महिने असते. भारत स्टेज चार व त्यापुढील मानकांच्या वाहनांसाठी ती एक वर्ष आहे. देशभर भारत स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, हे लक्षात घेतल्यास आपल्या वाहनास कोणता कालावधी लागू होतो हे ठरविणे कठीण जात नाही.

पेट्रोल वाहनात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण इंजिन मंद गतीने चालू ठेवून मोजतात, तर डिझेल वाहनात धुराची घनता मोजतात. धुरातून प्रकाशकिरण सोडून त्यातील किती प्रकाश शोषला गेला यावरून ही घनता ठरते. येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. पीयूसी हे यांत्रिक सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. धूर स्वच्छ असलेल्या गाडीचे ब्रेक नादुरुस्त असू शकतात आणि तेच उलटही घडू शकते.

विम्याशी असलेल्या संबंधाबाबतही गैरसमज आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ च्या आदेशात वैध पीयूसी असल्याखेरीज विमा नूतनीकरण करू नये अशी अट घातली होती. जुलै २०२४ मध्ये ही अट न्यायालयाने काढून टाकली. त्यामुळे विमा मिळण्यासाठीची ती पूर्वअट आता राहिलेली नाही. मात्र नियम ११५ खालील बंधन पूर्वीप्रमाणेच कायम आहे.

तपासणीत काय पाहिले जाते?

नियम ६२ सोबतच्या तक्त्यात तपासणीच्या बाबी दिलेल्या आहेत. हेडलाइटचा झोत, इतर दिवे, परावर्तक, आरसे, सुरक्षा काच, भोंगा, सायलेन्सर, वायपर, उत्सर्जन, ब्रेक, वेगमापक व सुकाणू या त्यांतील प्रमुख होत. या प्रत्येक बाबीमागे अपघाताचे एक संभाव्य कारण उभे आहे.

ब्रेकची तपासणी सर्वांत महत्त्वाची. यंत्राधारित पद्धतीत गाडीची चाके फिरत्या रुळांवर उभी करतात व ब्रेक दाबल्यावर प्रत्येक चाक रुळांना किती विरोध करते हे मोजले जाते. एकूण बल वाहनाच्या वजनाच्या तुलनेत पुरेसे आहे काय, हा पहिला प्रश्न. डाव्या व उजव्या चाकांच्या बलात किती तफावत आहे, हा दुसरा. ही तफावत जास्त असेल तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाते. कोरड्या सपाट रस्त्यावर चालक ती सावरून घेतो आणि त्यामुळे दोष त्याच्या ध्यानातही येत नाही. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर मात्र तोच दोष प्राणघातक ठरतो. सह्याद्रीचे घाट ओलांडून सहली नेणाऱ्या महाराष्ट्रातील संस्थांनी हा मुद्दा विशेषत्वाने लक्षात घ्यावा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात व त्यांची पकड कमी होते. आधीच झिजलेल्या ब्रेकच्या बाबतीत ही घट अधिक लवकर जाणवते.

टायरच्या बाबतीत नक्षीच्या खोलीचा निकष आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी किमान १.६ मिलिमीटर खोली असली पाहिजे. नक्षीच्या खाचांतून पावसाचे पाणी बाहेर फेकले जाते. टायर गुळगुळीत झाला की चाक व रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि गाडी घसरते. हेडलाइटची तीव्रता आणि दिशा दोन्ही पाहतात, कारण झोत प्रमाणापेक्षा वर असल्यास समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. चाकांचे बाजूला सरकणे, निलंबन व्यवस्थेची क्षमता, सांध्यांतील ढिलेपणा यांसाठीही स्वतंत्र उपकरणे असतात.

मानवी निरीक्षणाकडून यंत्राकडे

दीर्घकाळ ही तपासणी मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेवर व अनुभवावर अवलंबून होती. निरीक्षक अनुभवी असला तरी एका दिवसात असंख्य वाहने तपासावयाची असल्यास प्रत्येकास पुरेसा वेळ देणे त्यास अशक्य होते. महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. पुण्यातील एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने परिवहन कार्यालयांतील तपासणीच्या पद्धतीची दखल घेतली. ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटर लांबीची धावपट्टी उपलब्ध असण्यावर न्यायालयाने भर दिला आणि ती नसलेल्या ठिकाणची तपासणी थांबविण्याची वेळ आली. ज्या चाचणीसाठी लागणारी जागाच नाही ती चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र कसे देता येईल, असा साधा पण मूलभूत प्रश्न या प्रकरणातून पुढे आला.

यावर उपाय म्हणून स्वयंचलित तपासणी केंद्रांची संकल्पना पुढे आली. नाशिक येथील निरीक्षण व प्रमाणन केंद्र हे या दिशेने राज्यात पडलेले एक आरंभीचे पाऊल होय. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने अशा केंद्रांची मान्यता, नियमन व नियंत्रण यांविषयीचे नियम अधिसूचित केले. या केंद्रांत यंत्राने मोजलेले आकडे थेट संगणक प्रणालीकडे जातात. केंद्र चालविणाऱ्याने वाहनदुरुस्ती, वाहनविक्री किंवा सुट्या भागांची विक्री यांसारखा व्यवसाय तेथे करू नये, अशीही अट आहे. तपासणारा व दुरुस्त करणारा एकच असेल तर दोष दाखविण्यातच त्याचा लाभ असतो, हे ओळखून ही अट घातलेली दिसते. वाहन अनुत्तीर्ण झाल्यास मालकास दुरुस्तीनंतर फेरतपासणीची संधी मिळते आणि निकाल मान्य नसल्यास अपील करता येते.

अशा केंद्रांतूनच तपासणी सक्तीची करण्याचा आरंभीचा मानस जड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ पासूनचा होता. पुरेशी केंद्रे उभी न राहिल्याने ही मुदत पुढे ढकलली जाऊन आधी १ ऑक्टोबर २०२४ व नंतर १ एप्रिल २०२५ करण्यात आली. नियम करणे आणि नियम पाळता येईल अशी व्यवस्था उभारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे हे बोलके उदाहरण होय.

वाहनाचे वय आणि वाहनाची स्थिती

पंधरा वर्षे झाली की वाहन भंगारात काढावेच लागते, असा समज सार्वत्रिक आहे. तो सर्वांशाने खरा नाही. वय व स्थिती हे दोन स्वतंत्र निकष आहेत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांहून जुन्या डिझेल व १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या अंमलबजावणीचे आदेश दिले. २०२५ मध्ये न्यायालयाने या अंमलबजावणीत बदल केले. ही बंदी त्या क्षेत्रापुरती आहे. मुंबईतील टॅक्सींसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने, २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेरीस सेवेतून बाहेर पडली. तिची स्थिती कशी होती हा प्रश्न तेथे गौण होता. शासकीय वाहनांबाबतही जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरण बंद केले. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने यातून वगळली आहेत.

इतरत्र मात्र खाजगी मालकाचे १५ वर्षांहून जुने वाहन तपासणीत उत्तीर्ण झाल्यास चालविता येते. जुने वाहन बाळगणे महाग व्हावे, या हेतूने शुल्क मात्र वाढविण्यात आले आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ते आणखी वाढविण्यात आले.

नियमांची सामाजिक बाजू

तपासणीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मोठ्या वाहतूक कंपनीची एक गाडी तपासणीसाठी दिवसभर उभी राहिली तर तिचा व्यवसाय थांबत नाही. एकाच रिक्षावर कुटुंब चालविणाऱ्या चालकाचा मात्र त्या दिवसाचा चुलाच त्यावर अवलंबून असतो. प्रमाणपत्राची मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ५० रुपये अतिरिक्त शुल्काची तरतूद केंद्रीय नियम ८१ मध्ये आहे. सहा महिन्यांचा विलंब झाल्यास ही रक्कम सुमारे नऊ हजार रुपयांवर जाते. आजारपणामुळे किंवा दुरुस्तीस पैसे नसल्यामुळे गाडी घरी उभी असली, तरी दिवस मोजलेच जातात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये या वसुलीविरुद्ध रिक्षा व टॅक्सीचालकांनी आंदोलने केली आणि राज्य शासनाने तिला स्थगिती दिली.

या प्रसंगात दोन्ही बाजूंना बळ आहे. दंडाचा धाक नसेल तर तपासणी लांबणीवर पडते व प्रवाशाचा जीव धोक्यात येतो. दंड इतका साचला की तो भरणेच अशक्य झाले, तर चालक प्रमाणपत्राविनाच गाडी रस्त्यावर आणतो व मूळ हेतूच पराभूत होतो. सुरक्षिततेचा नियम गरिबास पाळता येईल अशा रीतीने रचला गेला तरच तो सुरक्षितता देतो.

प्रमाणपत्राची मर्यादा

कायद्यातील दोन शब्दप्रयोगांची तुलना येथे उद्बोधक ठरते. कलम ५६ खालील प्रमाणपत्र वाहन ‘त्या वेळी’ अधिनियमाच्या आवश्यकता पूर्ण करते एवढेच सांगते. कलम ८४ मध्ये परवान्याची अट म्हणून वैध प्रमाणपत्र असणे पुरेसे मानलेले नाही; वाहन ‘सर्व काळ’ त्या आवश्यकतांस अनुरूप राखले पाहिजे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. या अटीचा भंग झाल्यास कलम ८६ खाली परवाना रद्द किंवा निलंबित होऊ शकतो.

‘त्या वेळी’ आणि ‘सर्व काळ’ यांच्यामध्ये एक किंवा दोन वर्षांचे अंतर असते. हे अंतर कोणताही निरीक्षक व कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही; ते मालकाने व चालकानेच भरून काढावयाचे असते. तपासणीपुरते चांगले टायर बसवून नंतर पुन्हा जुने चढविणे, बंद दिवे तेवढ्या दिवसापुरते जोडणे, वेगनियंत्रक परतल्यावर निकामी करणे, हे प्रकार वाहतूक व्यवसायात अपरिचित नाहीत. अशा वाहनाजवळ वैध प्रमाणपत्र असते आणि तरीही ते असुरक्षित असते. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी विषयात पारंगत असेलच असे नाही, हे अध्यापकांस वेगळे सांगावयास नको.

शैक्षणिक संस्थांची कर्तव्ये

शालेय विद्यार्थ्यांच्या वाहतुकीसाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र स्कूल बस नियम आहेत व त्यांत शाळास्तरावर परिवहन समितीची तरतूद आहे. महाविद्यालयांनीही स्वेच्छेने अशी व्यवस्था स्वीकारणे हितावह ठरेल. विद्यार्थी सज्ञान असले तरी सहलीसाठी गाडी ते निवडत नाहीत, संस्था निवडते. म्हणून काळजी घेण्याचे दायित्वही संस्थेकडेच येते. या दृष्टीने पुढील बाबी उपयुक्त ठरतील.

१) संस्थेच्या बसची योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी व परवाना यांच्या मुदतीची नोंदवही ठेवावी आणि मुदतीपूर्वी किमान एक महिना नूतनीकरणाची तयारी सुरू करावी.

२) भाड्याची गाडी ठरविताना कमी दर हा एकमेव निकष ठेवू नये. दरपत्रकासोबतच वाहन क्रमांक व योग्यता प्रमाणपत्राची प्रत मागवावी. २०१८ पासून ही कागदपत्रे शासनमान्य डिजिटल स्वरूपातही ग्राह्य असल्याने ती पडताळणे सोपे झाले आहे.

३) निघण्याच्या वेळी प्रत्यक्ष आलेली गाडी तीच आहे काय, हे क्रमांकावरून पाहावे. ऐनवेळी दुसरी गाडी आल्यास तिची कागदपत्रे पाहिल्याखेरीज प्रवास सुरू करू नये.

४) टायरची नक्षी, सर्व दिवे, वायपर, आपत्कालीन दरवाजा व अग्निशामक यांकडे सहलप्रमुखाने स्वतः लक्ष द्यावे. यासाठी अभियांत्रिकी ज्ञानाची गरज नाही; दहा मिनिटे व थोडी सजगता पुरेशी आहे.

५) घाटमार्गाच्या प्रवासात ब्रेकविषयी चालकाने शंका व्यक्त केल्यास वेळापत्रक बाजूस ठेवावे. उशीर झाल्याबद्दल चालकास बोल लावणारी संस्था त्याला दोष लपविण्यास शिकविते.

६) संस्थेच्या चालकाने नोंदविलेल्या प्रत्येक दोषाची व त्यावर झालेल्या दुरुस्तीची लेखी नोंद असावी. अपघातानंतर कलम १३६ खाली वाहनाची तपासणी होते तेव्हा संस्थेने काय केले व काय टाळले याचा विश्वसनीय पुरावा हीच नोंद असते.

निष्कर्ष

वाहनांच्या नियतकालिक तपासणीचे नियम तीन स्तरांवर विभागलेले दिसतात. परिवहन वाहनांसाठी दोन व एक वर्षाच्या अंतराने पूर्ण तपासणी, खाजगी वाहनांसाठी १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तपासणी आणि सर्व इंधनचलित वाहनांसाठी प्रदूषण तपासणी, असे त्यांचे स्वरूप आहे. स्वयंचलित केंद्रांमुळे तपासणीतील वस्तुनिष्ठता वाढण्यास वाव आहे. परंतु पुरेशी केंद्रे, परवडणारे शुल्क आणि खाजगी वाहनांच्या पहिल्या १५ वर्षांतील पोकळी हे प्रश्न विचारार्ह राहतात.

शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की महाविद्यालयाची बस कायद्याने परिवहन वाहनच आहे व भाड्याच्या गाडीच्या निवडीतील दक्षता संस्थेच्या हाती आहे. प्रमाणपत्र हे काळजीचा आरंभ दर्शविते, तिची पूर्तता नव्हे. पहाटेच्या अंधारात महाविद्यालयाच्या फाटकाशी गाडी येऊन उभी राहते, विद्यार्थी सामान घेऊन चढू लागतात, त्या क्षणी कोणीतरी हाती विजेरी घेऊन टायरकडे पाहिले पाहिजे. ते काम कोणाचे, हे सहलीच्या नियोजनाच्या पहिल्याच बैठकीत नावानिशी ठरलेले असावे.